वॉशिंग्टन राज्यात १ मे २०२७ पासून गन घ्यायला परमिट लागणार, त्याआधी घेऊन टाकावी का?

बॉथेलकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, शेवटी आज लिहितोच. आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहतो. मी, बायको, मुलगा १४ वर्षांचा आणि मुलगी ९ वर्षांची. ग्रीन कार्ड येऊन दोन वर्षं झाली. दिवाळीनंतर आमच्या गल्लीत एका तेलुगू कुटुंबाकडे भरदुपारी चोरी झाली. घरचे सगळे देवळात गेले होते, मागचा काचेचा दरवाजा फोडून चोर सरळ वरच्या बेडरूममध्ये गेले, टीव्ही लॅपटॉप कशाला हात नाही, फक्त सोनं. त्या वहिनींच्या लग्नातलं सगळं गेलं, आईने दिलेल्या पाटल्यासुद्धा. त्या आमच्या ओट्यावर बसून रडत होत्या ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून बायको रात्री दोनदा उठून खाली कड्या बघून येते आणि मी पण जागाच असतो.

ऑफिसमधला कलीग म्हणाला घ्यायची असेल तर आत्ता घे, पुढे परमिट, फिंगरप्रिंट, ट्रेनिंग, सगळी भानगड होणार आहे. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, एनसीसी पण नव्हतं. बायकोचा ठाम विरोध आहे, ती म्हणते घरात ती वस्तू आली की मला अजिबातच झोप लागणार नाही. मला खरंच कळत नाहीये की मला गन हवी आहे की नंतर मिळणार नाही याची भीती वाटतेय. इथे कोणी कायदेशीर घेतलेली आहे का? राजकारणावर वाद नको प्लीज, घरातला निर्णय आहे.

नेमबाज_टकोमा
बॉथेलकर, चांगला प्रश्न आणि वेळेवर विचारलात. मी २०१२ पासून गन ओनर आहे, आधी ग्रीन कार्डवर आणि आता सिटिझन, दर शनिवारी रेंजवर जातो. वकील नाही, पण गेल्या दहा-बारा वर्षांत इथले कायदे कसे बदलत गेले ते जवळून बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या कलीगने सांगितलेली तारीख बरोबर आहे. एचबी ११६३ नावाचं बिल, गव्हर्नर फर्ग्युसन यांनी २० मे २०२५ ला सही केली, लागू होणार १ मे २०२७ पासून. आपला महाराष्ट्र दिन, त्यामुळे तारीख लक्षात राहील. त्यानंतर दुकानातून गन घ्यायची तर आधी स्टेट पेट्रोल म्हणजे राज्याच्या पोलिसांकडून परमिट काढायचं, त्यासाठी बोटांचे ठसे आणि प्रत्यक्ष रेंजवर गोळ्या झाडून केलेलं ट्रेनिंग. परमिट पाच वर्षं चालेल. पण नीट लक्षात घ्या, परमिट विकत घेण्यासाठी आहे. ज्याच्याकडे आधीच आहे त्याची कोणी काढून नेणार नाहीये. ही अफवा आमच्या रेंजवर पण रोज ऐकू येते आणि त्या अफवेवरच दुकानं चालतात.

दुसरी गोष्ट, आत्ता पण घेणं काही इतकं सोपं नाहीये. २०१४ ला इनिशिएटिव्ह ५९४ (लोकांच्या मतदानाने झालेला कायदा) झालं तेव्हापासून ओळखीच्या माणसाकडून घेतली तरी बॅकग्राउंड चेक दुकानातूनच करावा लागतो. २०१८ ला तसंच इनिशिएटिव्ह १६३९ आलं, त्याने सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलला २१ वर्षांची अट घातली. १ जुलै २०२२ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायला बंदी. आणि २५ एप्रिल २०२३ ला तेव्हाचे गव्हर्नर इन्स्ली यांनी एआर-१५ वगैरे सेमी-ऑटो रायफलींच्या विक्रीवर बंदीची सही केली, ती त्याच क्षणापासून लागू झाली. १ जानेवारी २०२४ पासून कुठलीही गन घ्या, सेफ्टी ट्रेनिंगचा पुरावा दाखवायचा, १८ डॉलर बॅकग्राउंड चेकचे भरायचे आणि कामाचे दहा दिवस थांबायचं. म्हणजे आज पैसे भरले तरी शनिवार-रविवार धरून दोन आठवड्यांनी हातात येते.

तेव्हा "मे २०२७ च्या आधी" आणि "नंतर" यात परमिट आणि ठसे सोडले तर फरक एवढाच आहे की आत्ता ट्रेनिंग ऑनलाइन क्लासने भागतं आणि नंतर रेंजवर उभं राहावं लागेल. आता मनापासून सांगतो, ज्याने आयुष्यात बंदूक धरलेली नाही त्याने ऑनलाइन व्हिडिओ बघून घरात आणायची, हे मला गन ओनर म्हणूनच पटत नाही.

एप्रिल २०२३ चा तो आठवडा मी विसरणार नाही. आमच्या भागातल्या एका दुकानाबाहेर पहाटेपासून लाइन, आत भिंतीवरचे रॅक रिकामे, फक्त किमतीच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. माझ्या पुढे एक पंचविशीचा मुलगा होता, त्याला काउंटरवाल्याने विचारलं कोणत्या कॅलिबरची पाहिजे, तो म्हणाला जी उरलीये ती द्या. त्या मुलाचं पुढे काय झालं माहीत नाही, पण ते वाक्य डोक्यात बसलंय.

एचवनवाला
धाग्यात मधेच घुसतोय. मी एच वनवर आहे, रेडमंडला. आमची टीम पुढच्या महिन्यात रेंजवर आउटिंगला जातेय, तिथे भाड्याने गन मिळते. घेणार नाही, फक्त एकदा चालवून बघायची आहे. चालेल ना?

नेमबाज_टकोमा
@एचवनवाला, नका जाऊ. म्हणजे टीमबरोबर जा, जेवा, पण गनला हात लावू नका. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला गन किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे, आणि भाड्याची गन रेंजवर दहा मिनिटं हातात घेणं हे सुद्धा बाळगणंच धरतात. एच वन, एल वन, एफ वन, बी टू, एच फोर सगळे त्यात आले. अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असलं तर चालतं, पण वॉशिंग्टनचं त्यावर वेगळं एलियन फायरआर्म लायसन्स पण आहे, त्यामुळे तो रस्ता इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय धरू नका. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढायला तेवढं कारण पुरतं. दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून एका आउटिंगसाठी सगळं घालवायचं का.

इतरांनी पण वाचा, कारण हे आपल्या लोकांना खरंच माहीत नसतं. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आलंय, बायकोचं अजून लटकलंय, अशी घरं आपल्यात कितीतरी. अशा घरात नवऱ्याने गन घेतली आणि सेफचा कोड बायकोला सांगून ठेवला, तर उद्या ती गन तिच्या ताब्यात होती असं म्हणता येतं. कोड एकट्याकडेच ठेवायचा. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की तेच.

अजून एक, गांजा. आपल्या राज्यात २०१२ पासून कायदेशीर आहे, दुकानात गांजाच्या गमी मिळतात, पण फेडरल कायद्याला ते मान्य नाही. गनच्या दुकानात फॉर्म ४४७३ भरता त्यात तो प्रश्न आहे आणि खाली ठळक अक्षरात सूचना आहे की तुमच्या राज्यात चालत असलं तरी फेडरल कायद्याने बेकायदेशीर. झोपेसाठी गमी खाणारे ओळखीत आहेत म्हणून लिहिलं. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हाच वेगळा गुन्हा आहे.

एचवनवाला
बापरे. हे कोणीच सांगितलं नव्हतं, मॅनेजर म्हणाला सगळे करतात. थँक्यू दादा, मनापासून.

जास्वंद
बॉथेलकर, मी केंटला राहते, एकटी. रिअल इस्टेटचं काम आहे त्यामुळे अनोळखी माणसाला रिकामं घर दाखवायला संध्याकाळी एकटीने जावं लागतं. मार्च २०१७ मध्ये इथे केंटमध्येच एका शीख माणसाला त्याच्या स्वतःच्या ड्राइव्हवेत गोळी घातली, तुमच्या देशात परत जा म्हणून, आणि त्याच्या आठ-नऊ दिवस आधी कॅन्सासमध्ये बारमध्ये आपल्या भारतीय इंजिनिअरला मारलं. त्या दोन आठवड्यांनंतर मी ठरवलं. क्लास केला, कन्सील्ड पिस्तूल लायसन्स (पिस्तूल लपवून जवळ बाळगायचा परवाना) काढलं, पन्नासेक डॉलर आणि पोलिस स्टेशनला बोटांचे ठसे, महिन्याभरात आलं, पाच वर्षांचं असतं. तेव्हापासून पिस्तूल जवळ असतं. एकदाही काढायची वेळ आली नाही आणि येऊ नये हीच इच्छा. पण गेल्या आठवड्यात कोव्हिंग्टनला एका घराच्या बेसमेंटमध्ये दोन पुरुषांबरोबर उतरताना माझे पाय जड झाले नाहीत, हा फरक ज्याला कळायचा त्यालाच कळेल.

म्हणून "गन घेऊच नका" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि या परमिटबद्दल पण माझी तक्रार आहे. ट्रेनिंगला माझा विरोध नाही, मी स्वतः चार दिवस केलं. पण क्लासची फी, परमिटची फी, ठसे, रेंजचं भाडं, कामावरची सुट्टी हे सगळं मला परवडलं. माझ्याकडे साफसफाईला येणारी मेक्सिकन ताई आहे, ग्रीन कार्डवाली, तिच्या नवऱ्याने तिला मारलेलं आहे, तो सुटून बाहेर आलाय. तिला दोन आठवडे पण लांब वाटतात आणि मे २०२७ पासून आधी परमिटला महिना आणि मग परत दहा दिवस थांबायचं. कायदा करणाऱ्यांनी तिच्यासारखीचा विचार केला असता तर बरं झालं असतं.

पोर्टलँडची_पाहुणी
नदीच्या अलीकडून लिहितेय. आमच्याकडे ओरेगॉनमध्ये हे सगळं नोव्हेंबर २०२२ ला होऊन गेलंय. मेझर ११४ नावाचा मतदानाला टाकलेला कायदा, परमिट आणि मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा, अगदी काठावर पास झालं, ५० टक्क्यांच्या जरा वर. ८ डिसेंबरपासून लागू होणार म्हणून जी झुंबड उडाली, बॅकग्राउंड चेकच्या रांगेत हजारो लोक अडकले. माझ्या नवऱ्याने पण त्याच आठवड्यात पैसे भरले, आणि मग हार्नी काउंटीच्या जजने कायदा थांबवला. पुढे कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालूच. तात्पर्य एवढंच की ज्या भीतीने घेतली ती भीती खरी झालीच नाही आणि घेतलेलं पिस्तूल आजपर्यंत डब्यातून दोनदा बाहेर आलंय. ७०० डॉलर गेले त्याचं काही नाही. पण मुव्हिंगच्या वेळी तो डबा कुठल्या खोक्यात गेला हे तीन दिवस सापडत नव्हतं, तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला होता ना, लहान मुलं त्याच खोक्यांवर चढून खेळत होती.

नेपरव्हिल
इलिनॉयचं सांगतो. इथे तर १९६८ पासून फॉइड कार्ड म्हणजे गन बाळगणाऱ्याचं सरकारी ओळखपत्र आहे, कार्ड असल्याशिवाय काडतूस पण घेता येत नाही, सगळ्यांना सवय झालीये, आभाळ कोसळलं नाही. हायलंड पार्कला ४ जुलै २०२२ च्या परेडमध्ये सात माणसं मारली गेली, त्यानंतर १० जानेवारी २०२३ ला इथे पण एआर प्रकारांवर बंदी आली. फरक असा की ज्यांच्याकडे आधीपासून होत्या त्यांना १ जानेवारी २०२४ पर्यंत स्टेट पोलिसांकडे ऑनलाइन नोंद करायला लावली. म्हणजे "आधी घेतली की सुटलो" असं प्रत्येक राज्यात नसतं. वॉशिंग्टनमध्ये नोंदणीची सक्ती नाही पण नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला कायदा लागतो, आणि आपली मंडळी कुठे एका जागी बसतात. कॅलिफोर्नियात बदली झाली तर तुमचं काय घेऊन जाता येईल ते आत्ताच बघून ठेवा.

नेमबाज_टकोमा
@जास्वंद, तुमचा मुद्दा एकदम मान्य. आणि कोर्टाचं म्हणाल तर इथे पण नाट्य झालं होतं. ८ एप्रिल २०२४ ला काउलिट्झ काउंटीच्या जजने मॅगझिन बंदी रद्द केली, केल्सोच्या गेटर्स कस्टम गन्स या दुकानाची केस. जेमतेम दीड तास बंदी उठली होती, लोक गाड्या पळवत तिथे गेले, मग राज्याच्या सुप्रीम कोर्टाकडून स्थगिती आली आणि मे २०२५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने बंदी कायम केली. तेव्हा कोर्ट वाचवेल या आशेवर राहू नका, आणि कोर्ट बुडवेल या भीतीने पण घेऊ नका.

केळफूल
मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते कारण बॉथेलकरांच्या घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे.

आमच्याकडे पण होती. नवऱ्याने २०२० मध्ये घेतली, कोविडच्या सुरुवातीला सगळा देश घेत होता तेव्हा. सगळं कायदेशीर, सेफ पण घेतली. २०२३ च्या जानेवारीत त्याचा लेऑफ झाला. मोठी कंपनी, अकरा वर्षं नोकरी, एक ईमेल. पहिले दोन महिने ठीक होता. मग हळूहळू बोलणं बंद झालं, रात्री तीनला खाली सोफ्यावर बसलेला दिसायचा, दाढी नाही, जेवण नाही. भारतात आईला व्हिडिओ कॉल केला की मात्र हसायचा. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर तो क्लोजेटच्या दारात जमिनीवर बसला होता, सेफ समोर. उघडली नव्हती. नुसता बसला होता. मी शेजारी जाऊन बसले, काही विचारलं नाही, त्याचा हात धरला, बर्फासारखा गार.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या एका मित्राला फोन केला, त्याच्याकडे स्वतःच्या गन आहेत. तो अर्ध्या तासात आला, नवऱ्याशी चहा पिताना एवढंच म्हणाला, दादा, काही दिवस माझ्याकडे ठेवू का. नवऱ्याने स्वतः काढून दिली. नंतर कळलं की वॉशिंग्टनच्या कायद्यात यासाठी खास सोय आहे, जीवाला धोका वाटत असेल तर बॅकग्राउंड चेक न करता गन तात्पुरती दुसऱ्याकडे ठेवता येते, गरज असेल तोवर. ही गोष्ट प्रत्येक गन असलेल्या घरात माहीत पाहिजे. मी तेव्हा शोधलं तर २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस बऱ्याचदा वाचतो, बंदुकीने प्रयत्न केला तर दहातले नऊ जातात.

नवरा आता बरा आहे. औषधं, थेरपी, नवी नोकरी. ती गन परत घरात आणली नाही, त्यानेच मित्राला रीतसर दुकानातून ट्रान्स्फर करून दिली. मी जास्वंदला किंवा कोणाला घेऊ नका म्हणत नाही. पण चोर येईल का हे आपल्या हातात नसतं, घरात कोणाचा वाईट काळ येईल हे पण नसतं, आणि दुसरं जास्त घरांत येतं. चौदा वर्षांचं पोर शाळेतून येऊन खोलीचं दार लावून घेतं तेव्हा आत काय चाललंय ते मला तरी माझ्या मुलीचं कळत नाही.

कोणी अशा अवस्थेत असेल तर ९८८ या अमेरिकेतल्या हेल्पलाइनला फोन करा, रात्री अपरात्री कधीही.

नेमबाज_टकोमा
केळफूल, लिहिलंत हे फार मोठं केलंत. तुमच्या त्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

मु_पो_कणकवली
अमेरिकेचा धागा आहे पण राहवलं नाही. आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून बंदूक आहे, ठासणीची, शेती संरक्षणाचा परवाना. आजोबांच्या नावावर होती, मग बाबांच्या, आता बाबा गेल्यावर माझ्या नावावर करून घेतली, त्यासाठी तहसील, पोलिस पाटील, पोलिस स्टेशन, कलेक्टर ऑफिस किती खेटे घातले ते विचारू नका. तुमच्याकडे नवीन येणारं आमच्याकडे कायमचंच आहे, आधी परवाना मग बंदूक, आणि गरज काय ते कलेक्टरला पटवून द्यायचं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनच्या जागी दोनच बंदुका ठेवता येतात, परवाना मात्र तीनऐवजी पाच वर्षांचा झाला.

आमचा त्रास वेगळा. निवडणूक लागली की बंदूक पोलिस स्टेशनला जमा. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आमचं मतदान ७ मेला, म्हणजे नेमका काजू-आंब्याचा हंगाम. माकडांची टोळी येते आणि एका सकाळी झाड मोकळं करून जाते, आणि आमची बंदूक पोलिस स्टेशनच्या खोलीत, दोरीने बांधलेल्या पन्नास बंदुकांत, नळीला नावाची चिठ्ठी. नोव्हेंबरला विधानसभेला परत तेच. छाननी समिती असते, कोणाची जमा करायची कोणाची नाही ते ठरवायला, पण गावातल्या शेतकऱ्याला अर्ज कोण लिहून देणार.

पण बंदूक घरात कशी ठेवायची हे मी बाबांकडून शिकलो. बंदूक माजघरात वर आडव्याला, बंदुकीची दारू वेगळ्या डब्यात देवघराच्या मागे, आणि केपांची (दारू पेटवणाऱ्या टोप्यांची) डबी आईच्या ट्रंकेत. तिन्ही एकत्र यायला घरातली दोन माणसं लागायची. लहानपणी मला वाटायचं बाबा विसरभोळे आहेत, म्हणून वेगवेगळीकडे ठेवतात. दसऱ्याला खाली काढून तेल पुसून हळद-कुंकू लावायचे, तेवढाच दिवस आम्हाला हात लावायला मिळायचा. म्हणायचे, "बार काढूचो तो आवाजासाठी, जीव घेऊक नाय."

जास्वंद
कणकवली, तिन्ही वस्तू तीन जागी हे इथल्या सेफ्टी क्लासमध्ये पण तसंच सांगतात, गन कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

सोमवारची_कहाणी
बॉथेलकर, एक साधी गोष्ट बोलू का. तुमच्या शेजारी चोरी झाली तेव्हा घरात कोणीच नव्हतं. सोनं चोरणारे माणसं बाहेर गेल्यावरच येतात, सण, लग्न, देऊळ बघून. अशा वेळी कपाटातली गन सोनं वाचवत नाही, सोन्याबरोबर ती पण जाते. आणि मग ती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायची जबाबदारी तुमची, २०२४ पासून तसा कायदा आहे इथे, आणि ती गन पुढे कोणाच्या हातात जाईल ते डोक्याला आयुष्यभर. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये टाका, मागच्या काचेला जाड फिल्म लावून घ्या, दाराला सेन्सर बसवा. माझ्या आईची एक गोष्ट सांगते. ती इकडे आली की तिला बसवत नाही, कपाटं आवरायला घेते. मागच्या उन्हाळ्यात भावाच्या घरी तिने त्याच्या बेडजवळच्या ड्रॉवरमधून पिस्तूल काढून ओट्यावर ठेवलं होतं, कापडात गुंडाळून, अरे हे लोखंडी काय पडलंय म्हणून, शेजारी नातू दूध पीत होता. गोळ्या भरलेल्या होत्या. भावाला वाटत होतं बेडजवळ आहे म्हणजे सुरक्षित आहे. इथल्या कायद्यात असं मोकळं ठेवलं आणि मुलाच्या हाती लागून कोणी जखमी झालं किंवा गेलं तर मालकावर फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा लागू शकतो. आईचे हात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थरथरत होते, भाऊ तर तिच्याकडे बघू शकत नव्हता.

बॉथेलकर
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, तीन आठवडे झाले. प्रत्येक प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. केळफूल यांचा वाचताना मी मधेच थांबलो, पुढचा तिने वाचला.

काय केलं ते सांगतो. सोनं लॉकरमध्ये गेलं, लॉकरला सहा आठवड्यांची वेटिंग होती पण एका शाखेत मिळाला. मागच्या दाराला फिल्म लावली. आणि मागच्या शनिवारी नेमबाज दादांच्या ओळखीच्या एका प्रशिक्षक बाईंकडे क्लासला गेलो, मी आणि बायको दोघं. ती यायला तयार होईल असं वाटलं नव्हतं. म्हणाली विरोध करायचा तर माहीत असून करते.

पहिले तीन तास गोळी नाहीच. रिकामं पिस्तूल, नळी कायम समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ, मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून आत बोट घालून बघायचं खरंच रिकामं आहे का. हे शंभर वेळा करून घेतलं. मग रेंज. कानावर मफ असून पहिला बार छातीत वाजला. मला वाटलं होतं की हातात आल्यावर जोर वाटेल, तसं काही झालं नाही, मला फक्त त्या कागदावरच्या भोकाकडे बघत राहावंसं वाटलं, इतकं छोटं आणि इतकं लांब. तळहाताला घाम, बोटांना पितळेचा आणि जळक्याचा वास, घरी येऊन दोनदा धुतले तरी वरणभात खाताना येत होता. बायकोचा नेम माझ्यापेक्षा चांगला लागला. गाडीत बसल्यावर दहा मिनिटं दोघं गप्प, मग तीच म्हणाली की आता मला आधीएवढी भीती वाटत नाही, पण मुलगा बारावी पास होऊन बाहेर पडेपर्यंत घरात नको. मी हो म्हटलं. चार वर्षं. तेव्हा परमिट लागलं तर परमिट काढू, ठसे देऊ, रांगेत उभं राहू.

मुलाला पण सांगितलं आम्ही कुठे गेलो होतो ते. त्याने पहिला प्रश्न विचारला की माझ्या मित्राच्या घरी आहे का हे मी विचारू शकतो का. तो दर शुक्रवारी तिथे राहायला जातो. तर आता प्रश्न हा आहे मंडळी, की मित्राच्या आईला हे कसं विचारायचं? अमेरिकन कुटुंब आहे, माणसं फार चांगली आहेत, वाईट वाटायला नको. कोणी विचारलंय का असं?

केळफूल
मी विचारते, प्रत्येक वेळी. ॲलर्जी आहे का, कुत्रा आहे का, त्याच दमात. "आमच्या मुलाला उत्सुकता फार आहे म्हणून विचारते, तुमच्याकडे गन असेल तर कुलपात असते ना?" आत्तापर्यंत आठ-नऊ घरी विचारलं. एकीने स्वतः वर नेऊन सेफ दाखवली. एक जण जरा गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा टेक्स्ट आला की काल रात्री नवऱ्याने कुलूप आणलं.